स्टेशन वॅगन, लाकडी

ज्या प्रवासी मोटारगाडीच्या बॉडीचा निदान चालकामागील भाग लाकडी चौकट व तीत बसविलेले लाकडी फलक यांनी बनलेला असतो आणि ते लाकूड रंगाने न झाकता पारदर्शक व्हार्निश देऊन उघडेच ठेवलेले असते, त्या गाडीस लाकडी स्टेशन वॅगन म्हणतात. अमेरिकेत तिचे बोलभाषेतील नाव ‘वूडी’ असे असून संग्राहकांच्या व्यवहारात तेच सर्वत्र रूढ झाले आहे. या गाड्यांच्या उत्पादनाचा मुख्य काळ साधारणतः १९२० ते १९५३ हा होय. एकामागे एक आसनांच्या रांगा, मागील आसने काढून सामानासाठी करता येणारी मोकळी जागा, लांब व सपाट छप्पर आणि पाठीमागे एक वर व एक खाली उघडणारी अशा दोन झडपा ही तिची ठळक लक्षणे होत.

मोटारगाडीच्या इतिहासात या गाडीचे स्थान काहीसे विलक्षण आहे. ती कामाची, हलक्या प्रतीची गाडी म्हणून जन्माला आली. पुढे श्रीमंतांच्या ग्रामीण निवासांची शोभा झाली. नंतर भंगारात गेली आणि अखेर संग्राह्य वस्तू म्हणून मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकली जाऊ लागली. या सर्व स्थित्यंतरांच्या मुळाशी लाकूड हे तिचे द्रव्य आहे. लाकूड फुगते, आक्रसते, कुजते आणि त्याला कीड लागते. यामुळे खालचे लोखंडी यंत्र शाबूत आणि वरील घर मात्र नष्ट, असे या गाड्यांच्या बाबतीत वारंवार घडले. आज पहावयास मिळणाऱ्या पुष्कळशा गाड्यांचे लाकूड अंशतः किंवा पूर्णतः नवे आहे. म्हणूनच जतन कशाचे करावयाचे, मूळ द्रव्याचे की केवळ आकाराचे, हा प्रश्न या गाड्यांइतका तीव्रतेने इतर मोटारींच्या संदर्भात क्वचितच उभा राहतो.

उगम : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आगगाडीच्या स्थानकापासून उतारूंना व त्यांच्या ट्रंकांना हॉटेलात किंवा उन्हाळी बंगल्यात पोहोचविण्यासाठी उघड्या बाजूंच्या घोडागाड्या असत. त्यांना ‘डेपो हॅक’ किंवा ‘स्टेशन वॅगन’ म्हणत. मोटार आली तेव्हा घोड्याच्या जागी एंजिन आले, पण मागचे खोके तेच राहिले. हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ या गाडीची (१९०८) नुसती चासी विकत मिळत असे. ती घेऊन गावोगावच्या गाडीबांधणी करणाऱ्या सुतारांनी तिच्यावर लाकडी बाके, खांब व छप्पर चढविले. भारतात मालमोटारीची चासी कारखान्यातून घेऊन तिच्यावर लाकडी हौदा स्थानिक कारागिरांकडून बांधवून घेण्याची जी पद्धत दीर्घकाळ चालत आली, तिच्याशी ही रीत ताडून पाहण्यासारखी आहे. दोन्हीकडे कारण एकच होते. थोड्या संख्येने लागणाऱ्या बॉडीसाठी पोलादी पत्रा दाबून काढण्याचे अवजड साचे करणे परवडत नसे; सुताराला मात्र करवत, रंधा व पटाशी एवढ्यावर काम भागविता येई.

या काळात साध्या मोटारींच्या बॉडीतही आतला सांगाडा लाकडाचाच असे व त्यावर पत्रा ठोकलेला असे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. एडवर्ड बड यांनी १९१४ च्या सुमारास डॉज कंपनीसाठी पूर्णतः पोलादी बॉडी तयार करून वेगळी वाट घातली. पण जनरल मोटर्सच्या गाड्यांत लाकडी सांगाडा त्यानंतरही सुमारे वीस वर्षे राहिला. म्हणजे लाकूड वापरणे हे वूडीचे वैशिष्ट्य नव्हते. इतर गाड्यांनी जे पत्र्याखाली झाकले ते तिने उघडे ठेवले, एवढाच काय तो मूळचा भेद. पत्रा व रंग यांचा खर्च वाचावा हा त्यातील हेतू होता, सौंदर्यदृष्टी नव्हे.

लवकरच या कामात विशेष नैपुण्य मिळविलेल्या कंपन्या पुढे आल्या. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड बेटावरील हंटिंग्टन येथील कँट्रेल, पेनसिल्व्हेनियातील मिफ्लिनबर्ग, इंडियाना राज्यातील हर्क्युलीस व मिशिगनमधील आयोनिया ही त्यांपैकी काही प्रसिद्ध नावे होत. मोटार कंपनीनेच स्वतःच्या यादीत स्टेशन वॅगन समाविष्ट करण्याचा मान सामान्यतः ड्युरंट कंपनीच्या ‘स्टार’ या गाडीला (१९२३) दिला जातो. तथापि या प्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळाली ती फोर्ड कंपनीने १९२९ मध्ये ‘मॉडेल ए’ च्या चासीवर स्टेशन वॅगन काढली तेव्हा. पहिल्याच वर्षी अशा सुमारे पाच हजार गाड्या तयार झाल्या. तिच्या बाजूंना काचा नव्हत्या. पाऊस आला की गुंडाळून ठेवलेले पडदे सोडावे लागत. कंपनीच्या लेखी ती प्रथम व्यापारी वाहनांतच मोडत असे. हॉटेले, शाळा, शेतमळे व मोठ्या इस्टेटी हे तिचे मुख्य गिऱ्हाईक होते.

इस्टेटींमुळेच तिचे सामाजिक स्थान बदलले. शहरात लिमुझिन आणि गावाकडच्या बंगल्यावर स्टेशन वॅगन अशी जोडी धनिकांच्या घरी दिसू लागली. मागणी वाढली तशी तिच्यात काचेच्या खिडक्या व चामड्याची आसने आली. सुतारकाम हाताचे व वेळखाऊ असल्याने किंमतही चढत गेली. १९४० च्या सुमारास फोर्डच्या यादीतील स्टेशन वॅगन ही सर्वांत महाग गाडी होती. काटकसरीतून निघालेली वस्तू दहा-बारा वर्षांत चैनीची होऊन बसली.

आयर्न मौंटन : वूडीच्या इतिहासात फोर्ड कंपनीच्या आयर्न मौंटन येथील कारखान्याला वेगळे महत्त्व आहे, कारण येथे झाडापासून गाडीपर्यंतची सर्व प्रक्रिया एकाच मालकाच्या हाती होती. एका मॉडेल टी गाडीला सुमारे १०० बोर्ड फूट लाकूड लागत असे (एक बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद व एक इंच जाड फळी). गाड्यांची संख्या वर्षाला लाखांत जाऊ लागली तेव्हा बाजारातील लाकडावर अवलंबून राहणे फोर्ड यांना गैरसोयीचे वाटले. १९२० मध्ये त्यांनी मिशिगन राज्याच्या उत्तर द्वीपकल्पात तीन लाख एकरांहून अधिक जंगल खरेदी केले व आयर्न मौंटन शहरालगत लाकूड कापण्याची गिरणी, लाकूड सुकविण्याच्या भट्ट्या व सुटे भाग करण्याचा कारखाना उभारला. त्याभोवती वसलेल्या गावाला किंग्जफर्ड हे नाव मिळाले. या व्यवहारात फोर्ड यांना साहाय्य करणारे एडवर्ड किंग्जफर्ड हे त्यांच्या नात्यातीलच होते. कापणीतून उरणारा भुसा व तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचा कोळसा करून त्याच्या वड्या पाडण्याचा उद्योगही तेथे निघाला. अमेरिकेत घराबाहेर मांस भाजण्यासाठी किंग्जफर्ड नावाने विकला जाणारा कोळसा हा त्याचाच वारस होय.

आरंभी येथे केवळ लाकडी भाग तयार होत व ते जोडून बॉडी उभी करण्याचे काम मरी, बेकर-रॉलंग अशा बाहेरच्या कंपन्या करीत. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस संपूर्ण बॉडीच आयर्न मौंटन येथे बनू लागली. चौकटीसाठी मुख्यतः कठीण मॅपल वापरीत. फलक बर्च किंवा गम या लाकडांच्या प्लायवुडचे असत व पुढील काही नमुन्यांत मॅहॉगनीचेही आले. उभे व आडवे भाग जेथे मिळत तेथे दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे दातेरी सांधे करून सरसाने पक्के करीत. खिडकीखालील लांब पट्टीत असा सांधा स्वच्छ दिसतो व जाणकार संग्राहक प्रथम त्याकडेच पाहतो. क्वचित एखाद्या गाडीला पक्ष्याच्या डोळ्यांसारखे ठिपके असलेले मॅपल लागून गेले आहे. कारखान्याच्या दृष्टीने हा निव्वळ योगायोग होता. आज त्यासाठी वेगळी किंमत मोजली जाते.

दुसऱ्या महायुद्धात मोटारींचे उत्पादन थांबल्यावर याच सुतारांनी व यंत्रांनी लष्करासाठी सीजी-४ए या जातीची चार हजारांहून अधिक ग्लायडर विमाने बांधली. नॉर्मंडीच्या चढाईत व इतर मोहिमांत या जातीची विमाने वापरली गेली. वाकविलेले लाकूड, प्लायवुड व सरस यांचे जे ज्ञान स्टेशन वॅगनमुळे तेथे साठले होते, ते नसते तर इतक्या जलद हे काम झाले असते की नाही, याची शंका वाटते. त्यांपैकी एक विमान आयर्न मौंटन येथील संग्रहालयात ठेवलेले आहे. १९५१ मध्ये फोर्डने हा कारखाना बंद केला. १९३६ मध्ये कंपनीने वसविलेले अल्बर्टा हे गिरणीचे गाव पुढे मिशिगनमधील तंत्रविद्यापीठाकडे देणगीरूपाने गेले व तेथे वनशास्त्राचे शिक्षण दिले जाऊ लागले.

उत्कर्ष व शेवट : युद्धापूर्वीच्या व नंतरच्या काही वर्षांत लाकूड हे उपयुक्ततेकडून अलंकाराकडे वळले. १९४१ साली क्रायस्लर कंपनीने ‘टाउन अँड कंट्री’ ही गाडी काढली. तिचे छप्पर पोलादी, मागचा भाग पिंपासारखा गोलाकार, चौकट पांढऱ्या ॲशची व फलक होंडुरासी मॅहॉगनीचे होते. कंपनीचे विभागप्रमुख डेव्हिड वॉलेस यांनी तिचा पाठपुरावा केला आणि लाकूडकाम आर्कान्सा राज्यातील कंपनीच्याच कारखान्यात झाले. युद्धानंतर हे नाव स्टेशन वॅगनऐवजी सलून व उघड्या छपराच्या गाड्यांना देण्यात आले. हॉलिवुडच्या नटनट्यांमुळे त्यांचा बराच बोलबाला झाला. फोर्ड व मर्क्युरी यांच्या ‘स्पोर्ट्समन’ गाड्या (१९४६–४८), नॅश कंपनीची ‘सबर्बन’ (याच वर्षांत सुमारे एक हजार) आणि पॅकार्डची ‘स्टेशन सेदान’ (१९४८–५०) ही याच प्रवृत्तीची उदाहरणे. मर्क्युरी स्पोर्ट्समन जेमतेम दोनशेच निघाल्या. या गाड्यांना लाकूड हवे होते ते विक्रीच्या आकर्षणासाठी, कारण नवे साचे तयार होईपर्यंत कंपन्यांना युद्धापूर्वीच्याच आकृत्या विकाव्या लागत होत्या. लाकडी साज चढविला की जुनी गाडी नवी भासे.

पोलादी स्टेशन वॅगन आली तशी लाकडी गाडीची गरज संपली. १९४६ मध्ये विलिस कंपनीने ब्रुक्स स्टीव्हन्स या आकृतिकाराने आखलेली संपूर्ण पोलादी जीप वॅगन बाजारात आणली. तिच्या पत्र्यावर लाकडी फलकांचा भास होईल असे रंगकाम केलेले होते, हे पुढे काय घडणार याचे सूचक मानता येईल. १९४९ मध्ये प्लिमथने पोलादी ‘सबर्बन’ काढली आणि त्याच वर्षाच्या मध्यात शेव्हर्लेने लाकूड सोडून पोलाद स्वीकारले. फोर्डने १९४९ ते १९५१ या काळात आत पोलादी कवच व बाहेर लाकडी फलक असा मध्यम मार्ग पत्करला. अमेरिकेतील अखेरची खरी लाकडी स्टेशन वॅगन म्हणजे ब्यूइक कंपनीची १९५३ ची मालिका होय. तीतील ‘रोडमास्टर’ नमुन्याच्या अवघ्या ६७० गाड्या झाल्या. यानंतर उरले ते लाकडाचे चित्र. पत्र्यावर चिकटवावयाच्या पातळ छापील पापुद्र्याने क्रायस्लरच्या मॅहॉगनीची जागा १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीसच घेतली होती. फोर्डची ‘कंट्री स्क्वायर’ ही गाडी असे कृत्रिम लाकूड अंगावर मिरवीत १९९१ पर्यंत निघत राहिली.

ग्राहकानेही या गाडीचा निरोप विनातक्रार घेतला. लाकडी बॉडीला दरवर्षी घासून नव्याने व्हार्निश द्यावे अशी कंपनीचीच शिफारस असे; पण मोटार ही यंत्राची वस्तू आहे, नावेसारखी तिची निगा राखावी लागेल, ही कल्पना सामान्य मालकाला मानवली नाही. एक-दोन वर्षे हे काम चुकले की फळीच्या टोकाच्या उघड्या रेषांतून पाणी आत शिरे, लोखंडी स्क्रूंभोवती काळे डाग पडत, सांधे ढिले होऊन गाडी करकरू लागे आणि दारे आपल्याच भाराने लोंबत. ताडपत्रीसारख्या मेणकापडाने मढविलेले छप्पर गळू लागले की मग फारसा अवधी उरत नसे.

ब्रिटनमधील परंपरा : इंग्लंडमध्ये अशा गाडीचा उगम रेल्वे स्थानकात नसून शिकारीत आहे. बंदुका, कुत्रे व शिकारी मंडळी वाहून नेणाऱ्या घोडागाडीस ‘शूटिंग ब्रेक’ म्हणत व तेच नाव लाकडी मोटारीस मिळाले. हिंदुस्थानातील काही संस्थानिकांनीही शिकारीसाठी खास बांधणीच्या मोटारी करवून घेतल्या होत्या. युद्धोत्तर काळात ब्रिटनमध्ये पोलादाचे नियंत्रण होते आणि प्रवासी मोटारीवर जबर खरेदी कर होता. व्यापारी वाहन म्हणून गणल्या गेलेल्या लाकडी गाडीला मात्र तो पडत नसे. त्यामुळे लहानमोठ्या सुतारशाळांनी मिळेल त्या चासीवर लाकडी घरे चढविली. कर वाचविण्यासाठी झालेल्या या कामाचा दर्जा सर्वत्र सारखा नव्हता आणि त्यातील बहुतेक गाड्या टिकल्या नाहीत.

टिकली ती मॉरिस मायनर ट्रॅव्हलर. १९५३ मध्ये ती आली व १९७१ पर्यंत, म्हणजे अमेरिकी वूडी संपल्यानंतर अठरा वर्षे, कारखान्यातून बाहेर पडत राहिली. (मायनरच्या सलून मोटारीची ‘बेबी हिंदुस्थान’ ही आवृत्ती भारतात निघाली होती, ट्रॅव्हलर मात्र येथे बनली नाही.) तिच्या मागील भागातील ॲशची चौकट भार पेलणारी आहे; त्यामुळे वाहनांच्या सक्तीच्या तपासणीत ती कुजलेली आढळल्यास गाडी नापास होते. या नियमाचा एक इष्ट परिणाम असा, की चौकटी बनविणारे कारागीर ब्रिटनमध्ये टिकून राहिले. याउलट मिनी या गाडीच्या स्टेशन वॅगनवर लावलेल्या पट्ट्या खऱ्या लाकडाच्या असल्या तरी त्यांच्यावर कसलाही भार नाही. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर त्यांतील फरक सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

संग्राहक व जतन : १९५० नंतर अमेरिकेत जुनी वूडी ही जवळजवळ निर्मूल्य वस्तू झाली होती. तिचा पहिला पुनरुद्धार संग्राहकांनी नव्हे, तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील तरुणांनी केला. लाटांवर तरंगण्याच्या खेळात त्या काळी नऊ-दहा फूट लांबीची फळी लागे व ती मावेल अशी सर्वांत स्वस्त गाडी म्हणजे मोडकळीस आलेली लाकडी स्टेशन वॅगन. १९६० नंतरच्या दशकारंभीच्या लोकप्रिय गीतांतून हे दृश्य देशभर पोहोचले, उदा., १९६३ मध्ये विक्रीत अग्रस्थानी गेलेले जॅन अँड डीन या गायकद्वयाचे ‘सर्फ सिटी’. या तरुणांनी गाड्यांची निगा राखली असे म्हणता येणार नाही. उलट कुजलेली दारे काढून टाकणे, फळ्यांवर घरगुती रंग फासणे असेच प्रकार अधिक झाले. पण खाऱ्या वाऱ्यात का होईना, गाड्या चालत राहिल्या आणि भंगारवाल्याच्या हाती जाण्यापासून वाचल्या. आज संग्राहकांच्या गाड्यांच्या छपरावर शोभेसाठी जी फळी बांधलेली दिसते, तिचे मूळ येथे आहे. कँट्रेलच्या कारागिराला ती पाहून बहुधा नवल वाटले असते.

संघटित प्रयत्न १९७४ मध्ये ‘नॅशनल वूडी क्लब’ स्थापन झाला तेव्हापासून सुरू झाले. क्लबच्या नियतकालिकातून मालकांना जी गोष्ट प्रथम मिळाली ती म्हणजे मापे. एखाद्या गाडीचे मागील दार पूर्णतः नाहीसे झालेले असेल, तर दुसऱ्या टोकाच्या राज्यातील त्याच वर्षाच्या गाडीवरून त्याच्या आकृत्या काढून आणता येऊ लागल्या. कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास येथील समुद्रकिनाऱ्यावर व सांता क्रूझच्या धक्क्यावर दरवर्षी मेळावे भरतात. अशा ठिकाणी गाड्यांच्या प्रदर्शनाइतकाच महत्त्वाचा व्यवहार असतो तो एकमेकांचे सांधे पाहण्याचा. मोठ्या लिलावांतही या गाड्यांना स्थान मिळाले असून २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे एकाच संग्राहकाच्या पन्नासच्या आसपास गाड्या विक्रीस आल्या होत्या. असा संग्रह जमविण्यास आयुष्यातील अनेक वर्षे लागतात व तो विखुरण्यास एक संध्याकाळ पुरते.

जीर्णोद्धाराची पद्धत सांगण्यास सोपी, करण्यास बिकट आहे. बॉडी चासीवरून सोडविण्यापूर्वी दारे व खांब यांच्यामधील फटींची मापे घेतात. कारखान्यात भाग यंत्रावर कापलेले असले, तरी प्रत्येक दार त्या त्या गाडीत हाताने घासून बसविलेले असल्यामुळे एका गाडीचे दार दुसरीस बिनचूक बसत नाही. त्यानंतर प्रत्येक तुकडा शक्य तो अखंड सोडवितात. अर्धा कुजलेला खांबही टाकून देत नाहीत, कारण उरलेल्या अर्ध्यावरून वक्र रेषा, खाचेची खोली व स्क्रूंची जागा कळते. नव्या भागासाठी त्याच जातीचे, पुरेसे वाळलेले व रेषा सरळ असलेले लाकूड शोधावे लागते. जास्त वाकाच्या ठिकाणी पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून आकार साधतात. संपूर्ण गाडीचे काम हजार तासांच्या पुढे सहज जाते. रंगछटा जुळविणे हे तर वेगळेच शास्त्र आहे, कारण सत्तर-ऐंशी वर्षांच्या मॅपलला व्हार्निश व ऊन यांमुळे आलेला मधासारखा वर्ण नव्या मॅपलला एका दिवसात देता येत नाही.

संग्राहकांतील खरा मतभेद पुढेच सुरू होतो. एका पक्षाचे म्हणणे असे, की सर्व लाकूड काढून नवे बसवावे. गाडी भक्कम व देखणी होते आणि रस्त्यावर चालविता येते. दुसरा पक्ष जुन्या लाकडाचा शक्य तेवढा प्रत्येक तुकडा राखू पाहतो. कुजलेल्या जागी नेमके ठिगळ घालतो, भेगा राळ मुरवून भरतो व डाग तसेच सोडतो. पहिल्या पक्षाचे समर्थन पूर्णपणे नाकारता येत नाही. वापरातच असताना या गाड्यांची दारे व फलक बदलले जात आणि बांधणारे स्वतः तसेच करीत. परंतु जुन्या चौकटीवर काही गोष्टी असतात ज्या नव्या चौकटीत कितीही कौशल्य ओतले तरी येत नाहीत : करवतीच्या पात्याच्या खुणा, कामगाराने पेन्सिलीने घातलेले आकडे, सरसाचा प्रकार, घाईत चुकीच्या जागी पाडून मागाहून बुजविलेले छिद्र. पुष्कळशा बॉडीबांधणी कंपन्यांची दप्तरे उरलेली नाहीत. त्या कंपन्यांत काम कसे चाले याचा पुरावा बऱ्याच अंशी या लाकडातच आहे आणि तो एकदा सरपणात गेला की पुन्हा मिळत नाही. या दृष्टीने पाहता चकचकीत नव्या शंभर गाड्यांपेक्षा हात न लागलेली एक मळकट गाडी अभ्यासकाला अधिक मोलाची ठरते.

हा विचार हळूहळू रुजत आहे. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिका या संस्थेने मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांसाठी स्पर्धेत स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये मान्य केलेल्या तुरीन सनदेनेही जतन, दुरुस्ती व जीर्णोद्धार यांत भेद करून मूळ द्रव्याला कमीत कमी धक्का लावण्याचे तत्त्व मांडले. पूर्वी बक्षीस हमखास नव्या लाकडाला मिळे. आता तसे राहिलेले नाही, आणि त्यामुळे काही मालकांनी रंधा हाती घेण्यापूर्वी थांबून विचार करावयास आरंभ केला आहे.

दुरुस्ती करावयाची म्हटली तरी लाकूड कोठून आणावयाचे ही अडचण गेल्या काही वर्षांत वाढली आहे. २००२ मध्ये मिशिगन राज्यातच, डिट्रॉइट शहराच्या परिसरात, पूर्व आशियातून आलेला एक हिरवा भुंगेरा आढळला. त्याच्या अळ्या ॲशच्या सालीखालील थर पोखरतात व झाड काही वर्षांत मरते. तेव्हापासून अमेरिकेतील कोट्यवधी ॲश वृक्ष नष्ट झाले आहेत. युरोपात याच कुलातील वृक्ष बुरशीच्या रोगाने ग्रासले असून ब्रिटनमध्ये हा रोग २०१२ मध्ये आढळला. ट्रॅव्हलरच्या चौकटी व मॉल्व्हर्न येथील मॉर्गन कंपनीच्या गाड्यांचे सांगाडे याच लाकडाचे असतात. मध्य व दक्षिण अमेरिकेतील रुंद पानांच्या मॅहॉगनीचा समावेश दुर्मिळ वन्य जातींच्या व्यापारासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला व २००३ पासून तिच्या ओंडक्यांच्या, कापीव लाकडाच्या व प्लायवुडच्या निर्यातीस परवाना आवश्यक झाला. १९४१ मध्ये क्रायस्लरने जे लाकूड केवळ रंग आवडला म्हणून निवडले, त्याची एक फळी बदलण्यासाठी आता कागदपत्रे पहावी लागतात. जुन्या घरांच्या वा बोटींच्या मोडीतून निघालेली मॅहॉगनी काही कारागीर त्यासाठी बाजूला काढून ठेवतात.